बेचाळीस नग, जिवंत

हिंजवडीत पहिल्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्या सुमारास पुण्यात कासवांचे दिवस आले. कोणीतरी उठवून दिलं, की घरात चांदणी कासव पाळलं की माणूस अमेरिकेला जातो. झालं! नव्या फ्लॅटात सोफा, मोठा टीव्ही आणि कोपऱ्यातल्या टबात पाठीवर पिवळ्या चांदण्या वागवणारं एक कासव. कासवाच्या पायगुणाने झटपट बढती मिळते, हे ज्याच्या डोक्यात आलं त्याला माझा साष्टांग नमस्कार.

मी तेव्हा वन खात्याच्या एका कार्यालयात लिपिक होतो. आमच्या लोकांनी एका दुकानावर छापा घालून बेचाळीस कासवं आणली, रोपवाटिकेच्या शेडमध्ये ठेवली आणि फाईल माझ्या टेबलावर आली. कासवं दक्षिणेतल्या एका राज्याची, उबदार माळावरची. पुण्याची थंडी पडायच्या आत ती परत जायला हवी होती, नाहीतर टिकणार नाहीत, असं पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आता मौज ऐका. वन्यजीव आपल्याकडे राज्य आणि केंद्र अशा दोघांच्याही पदरात घातलेले आहेत. म्हणजे प्रस्ताव आमचा, संमती त्या राज्याची आणि शेवटचा शिक्का दिल्लीचा. दोघांनी मिळून सांभाळायचं, असं धोरण. आमची आई यालाच दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणायची.

मी प्रस्ताव केला. काय प्रस्ताव होता! ‘चांदणी कासव, बेचाळीस नग, जिवंत.’ त्या राज्याची संमती आली, कागद दिल्लीला गेले, आणि शिक्का आज येईल, उद्या येईल असं चाललं असताना वनमजूर माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. मुळशीकडचा, निवृत्तीला टेकलेला. शेड त्याच्याच ताब्यात. आम्ही सगळे त्याला मामा म्हणायचो.

“सायेब, दोन गेली.”

“कुठे?”

“वर.”

मी ताबडतोब कागद ओढला. चुकीचा आकडा सरकारदरबारी राहू देणं माझ्या स्वभावातच नव्हतं. ‘बेचाळीसऐवजी चाळीस असे वाचावे.’ मामा आणखी काहीतरी सांगत होता. मी हात वर करून त्याला थांबवलं, कारण वाक्य छान जमत आलं होतं.

दिल्लीचं उत्तर आलं: संख्या बदललेली असल्याने त्या राज्याच्या नव्या संमतीसह सुधारित प्रस्ताव सादर करावा.

केला. तोवर थंडी पडली. कासवांच्या नाकातून फेस यायला लागला. मामाने शेडला पोती बांधली, पिवळे बल्ब लावले. रोज एकेकाला कोमट पाण्यात धरून बसायचा. दोन-चार दिवसांनी येऊन म्हणायचा, “आणखी एक.” मी पत्र लिहायचो. पत्रावरचे संदर्भ मजकुराहून लांब झाले. मोठ्या साहेबांना विचारलं, काही करता येईल का? ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, “नियम आपण लिहिलाय का? नाही ना? मग पाळा.”

एकदा मामाने मला गाठलंच. “मेल्याली कशापायी कळवताय? जिती हायेत ती जाऊ द्या की.”

“अहो मामा, संख्या जुळायला नको?”

“मंजी मरायचं थांबल्याबिगर तुमचा कागूद यायचा न्हाई. आन् कागूद आल्याबिगर मरायचं थांबायचं न्हाई.”

आख्ख्या फाईलमध्ये एवढी नेमकी टिप्पणी दुसरी नव्हती. पण ती तोंडी होती, त्यामुळे मला लावता आली नाही.

फेब्रुवारीत परवानगी आली. नऊ नगांची. मी कागद नाचवत शेडमध्ये शिरलो. “मामा, नऊ!”

“आठ,” तो म्हणाला. “सकाळीच गेलं.”

मी उपड्या कुंडीवर बसलो. खरं सांगतो, माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. मामाने तो पाहिला. पोत्यावरचं ते मेलेलं कासव त्याने उचललं, गमछ्याने पुसलं, पाय आणि मान हलकेच आत दाबली आणि गवत घातलेल्या खोक्यात इतरांशेजारी ठेवलं.

“कागदावर किती?”

“नऊ.”

“मोजा.”

मी मोजली. नऊ भरली. सही केली. गाडी गेली.

पंधरा दिवसांनी दक्षिणेतून पोच आली: ‘नऊ नग, जिवंत, मिळाले.’

हा किस्सा मी बैठकीत रंगवून सांगतो. मान आत घेतलेलं कासव करून दाखवतो. लोक पोट धरून हसतात. पेनाकडे गेलेला हात मात्र मी वगळतो.

मामाच्या निरोप समारंभात पेढा देता देता मी त्याला विचारलं होतं, “पहिली दोन गेली, तेव्हाच का नाही हो सुचवलंत हे?”

“सांगत व्हतो की,” मामा म्हणाला. “तुमी पत्र लिवत व्हता.”