नानांचं उलटं टाचण

नाना रोज शाळा सुटल्यावर टाचण लिहीत. आम्ही बाकीचे शिक्षक उद्याच्या पाठाचं टाचण आज लिहून मोकळे होत असू, कारण नियमच तसा होता. नाना मात्र शिकवून झाल्यावर लिहीत, तेही दोनच ओळी. ‘भागाकार घेतला. निम्म्या पोरांची वजाबाकीच कच्ची. उद्या वजाबाकी.’

भडगाव तालुक्यातल्या गिरणाकाठच्या त्या शाळेत मी नव्याने लागले होते, आणि नियम पाळण्याचा मला भारी उत्साह. एकदा त्यांना विचारलंच. ते खडूचे हात झटकत म्हणाले, “बाई, सकाय पोरेसले काय समजी नि काय नही, ते मी आजच कसं लिखू?”

तपासणीला येणाऱ्या साहेबांना हे पटणारं नव्हतं. पुढच्या खेपेला वही अशीच दिसली तर सातपुड्याच्या पायथ्याला बदली करीन, अशी तंबी ते देऊन गेले होते. नानांच्या घरी आंधळी आई. तिला गावातली वाट न् वाट पायांनी पाठ होती. गाव सुटलं तर म्हातारी घरात कोंडली जाणार, एवढीच नानांना धास्ती. तरी त्यांची वही काही सुधारेना.

शेवटी मीच शहाणपणा केला. नव्या वहीवर नानांचं नाव घालून आठवडाभराचं टाचण सुबक अक्षरात लिहिलं आणि तपासणीच्या सकाळी, त्यांना न सांगता, त्यांच्या वहीच्या जागी ती गठ्ठ्यात सरकवली.

साहेब खूश झाले आणि ती वही घेऊनच नानांच्या तिसरीच्या वर्गात गेले. वहीत भागाकार, फळ्यावर वजाबाकी. त्यांनी खुलासा मागितला. नानांनी वही पाहिली, अक्षर ओळखलं. मी दारातच उभी होते, पण माझ्याकडे त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

“फळा खरा आहे साहेब,” ते शांतपणे म्हणाले, “वही खोटी आहे.”

कोणी लिहिली, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

पंधरा दिवसांत बदलीचा हुकूम आला. नानांनी आईला हात धरून एसटीत बसवलं. मी माफी मागायला पुढे झाले, तर रडूच फुटलं. खिडकीतून ते म्हणाले, “बाई, तुमनं अक्षर भलतं चांगलं शे. आते त्यामा खरं लिखा.”

तिसरीचा वर्ग माझ्याकडे आला. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वही उघडली आणि लिहिलं, ‘वजाबाकी घेतली. पोरांना समजली नाही. मला नीट शिकवता आली नाही. उद्या पुन्हा.’