रेघेपलीकडच्या तिथ्या

सर्व्हिसमधल्या कितीतरी केसेस मी विसरून गेलो. बायको म्हणते, सोयीस्करपणे विसरलो. ही एक मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही.

२००५ च्या सुमाराची गोष्ट. सिएटलच्या उत्तरेला, बॉथेलजवळच्या एका शहरात मी डिटेक्टिव्ह होतो. म्हाताऱ्या माणसांची फसवणूक हे माझं टेबल. नागपूरकडचा पोरगा अमेरिकेत पोलीस झाला याचं आमच्या मंडळातल्या काका-काकूंना भारी दुःख. "आयटीत का नाही रे गेलास?" दर गणपतीला हाच प्रश्न! असो.

एका सकाळी ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवणारी एक कोरियन बाई स्टेशनच्या काउंटरवर आली. तक्रार लिहून द्यायला तयार नव्हती. नुसतीच म्हणाली, "ऑफिसर, माझ्या आईने लग्नातली चांदीची काडी, अंबाड्यात खोवायची, एका माणसाला देऊन टाकली. वर पैसेही दिले. तो तिला म्हणतो, तुमच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, थडग्यावर ठेवतो."

म्हातारीचं गाव कोरियातल्या गँगवॉन प्रांतातलं. युद्ध थांबलं तेव्हा सैन्यं जिथे उभी होती तिथे रेघ पडली आणि प्रांताचे दोन तुकडे झाले. तिचा जिल्हाही मधोमध चिरला गेला. आजही दोन्ही देशांत त्याच नावाचा प्रांत आहे, त्याच नावाचा जिल्हा आहे, कचेऱ्या तेवढ्या वेगळ्या. म्हातारीचं सासर रेघेच्या अलीकडे राहिलं आणि माहेर पलीकडे, उत्तर कोरियात. चालत जाऊन संध्याकाळी परत येण्याएवढं अंतर. पण रेघ पडल्यावर आईचं तोंड पुन्हा दिसलं नाही, पत्र नाही, निरोप नाही.

त्यांच्याकडे मेलेल्या माणसाचा विधी तिथीला करतात, आपल्यासारखाच. तिथी ठाऊक नसेल तर बरेच जण चंद्राच्या नवव्या महिन्यातल्या नवमीला उरकतात. माझी आई म्हणायची, "ज्याची तिथी माहीत नाही त्याचं सर्वपित्रीला." त्यामुळे मला हे लगेच कळलं. माझ्या सार्जंटला मात्र समजावता समजावता नाकी नऊ आले.

तो माणूस या तिथ्या विकत होता. पलीकडे आपली माणसं आहेत, तुमची आई अमुक दिवशी गेली, असं सांगायचा. वर ताकीद द्यायचा, "कुणाजवळ बोलू नका, तिकडच्या नातेवाइकांना त्रास होईल." त्या जिल्ह्यातून इकडे आलेली म्हातारी माणसं महिन्यातून एकदा एका हॉलमध्ये जेवायला जमत. त्याने तिथेच गिऱ्हाइकं हेरली होती.

त्याला चौकशीला बोलावलं, हक्क वाचून दाखवले. चाळिशीचा, शहरात वाढलेला कोरियन, सूट-बूट, गोडबोल्या. "मी खोटं बोलतोय म्हणता? मग तिकडे चेक करा ना, ऑफिसर." आणि हसला. मेल्याला ठाऊक होतं की तिकडे फोन करायला आम्हाला ठाणंच नाही! एकही म्हातारा तक्रार द्यायला तयार नव्हता. आम्हाला त्याला सोडावं लागलं.

मग मी दुभाषी बाईला घेऊन त्या हॉलमध्ये जेवायलाच गेलो. तिखट कोबी खाल्ला, म्हाताऱ्या खूश झाल्या. केसबद्दल चकार शब्द काढला नाही. आपल्या बायका लग्नाच्या पंगतीत विचारतात तेच विचारत सुटलो, "तुमचं माहेर कुठलं? मग या तुमच्या कोण?" आमची म्हातारी पलीकडच्या खुर्चीतल्या बाईकडे बोट दाखवून म्हणाली, "ही माझी मामेबहीण. माझी आई म्हणजे हिची आत्या. लहानपणी आईनेच सांभाळलंय हिला."

दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन विचारलं. मामेबहिणीनेही आत्याची तिथी घेतली होती. आमची म्हातारी म्हणाली, आई वसंतात गेली. मामेबहीण म्हणाली, आत्या थंडी सुरू होताना गेली. एकाच बाईची दोन मरणं!

हे कसं झालं ते दुभाषीने उलगडलं. त्या भागात लग्न झालेल्या बाईला नावाने हाक मारत नसत. सासरचे तिला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखत आणि माहेरचे सासरच्या गावावरून, आपल्याकडच्या नागपूरवाल्या काकूसारखं. लेकीने एका गावाचं नाव सांगितलं, भाचीने दुसऱ्याचं. त्या शहरी बाबाला त्या दोन वेगळ्या बायका वाटल्या. पलीकडे त्याचं खरंच कुणी असतं तर ही चूक झाली नसती.

दुसऱ्या चौकशीत मी दोन्ही तिथ्या त्याच्यापुढे ठेवल्या. तो म्हणाला, "त्यांना रडायला एक दिवस हवा होता. मी दिला." सगळं कबूल केलं. काडी त्याने केव्हाच विकली होती, ती काही मिळाली नाही. त्याला शिक्षा झाली. सार्जंट म्हणाला, "नाइस वर्क, यार." हे 'यार' त्याने माझ्याकडूनच उचललं होतं.

म्हातारीला सांगायला मी स्वतः गेलो. मुलीने एकेक वाक्य तिच्या भाषेत सांगितलं. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं आणि काहीतरी विचारलं. मुलीचा चेहरा पडला. ती भाषांतर करीना. मी म्हणालो, "सांगा ताई, काय म्हणतात?"

"ती विचारतेय, तो माणूस खोटं बोलला, म्हणजे माझी आई गेलीच नसेल का?"

ती आई असती तर पंच्याण्णवच्या पुढची असती. खोटं पकडणं माझं काम होतं. ते केलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. पण खोटं काढून घेतल्यावर त्या जागी ठेवायला माझ्याजवळ काहीच नसतं, हे मला त्या घरात कळलं. फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं. त्यानंतर कुठल्याही केसचा निकाल सांगायला जाताना, समोरचं माणूस काय विचारील याचा आधी विचार करायची सवय लागली.

"मला माहीत नाही, आजी," मी म्हणालो.

मुलीने तेवढं सांगितलं. म्हातारीने मान डोलावली आणि लेकीला म्हणाली, "मग यंदापासून आईचं काहीच करायचं नाही. जिवंत माणसाचं करतात का कुठे?"