मनोरी : दोन दिवस, सहा डबे आणि कपाळावर एक टेंगूळ

वैजूचं पोस्टकार्ड आलं आणि त्याच क्षणी मनोरीला जायचं ठरलं. कार्डात एवढंच होतं : "शनिवार-रविवार ये. पण दोन दिवसांत कोणाशीही भांडायचं नाही. भांडलास तर परत तोंड दाखवू नकोस."

वैजू माझ्या वर्गातली. मी दुसऱ्या वर्षाला सरांशी भांडलो, वही टेबलावर आपटली आणि कॉलेज सोडलं. ती शिकतेय, आणि सुट्टीत मनोरीला मामाच्या लॉजवर काउंटर सांभाळते. मी तिच्यावर मरतो हे अख्ख्या घाटकोपरला माहीत आहे. तिचं काय, ते मात्र मला माहीत नाही.

मित्राची लुना घेतली. साकीनाक्याहून अंधेरी, मग हायवेने मालाड आणि मार्वे रोडने थेट जेट्टी. सकाळी सातच्या आत निघा. साकीनाक्याला एका ट्रकवाल्याने मला जवळजवळ गटारात घातलं. मी ओठावर आलेली शिवी गिळली आणि पुढे गेलो. मार्व्याहून होडीत लुनासुद्धा चढवतात, चाक मात्र आपणच धरायचं. "हिला पोहता येतं का?" होडीवाला म्हणाला. मी हसलो. एरवी हसलो नसतो.

लॉज म्हणजे ताडांखाली चार कौलारू खोल्या. कोपऱ्यातली मागा, पडल्या पडल्या समुद्र ऐकू येतो. तीस रुपयांत मच्छरदाणी आणि विहिरीचं बालदीभर गार पाणी. झकास! लॉजवर फक्त चहा-आम्लेट मिळतं. जेवायला कोळीवाड्यात काशीमावशीकडे जायचं, पण सकाळी दहाच्या आत सांगून ठेवायचं. तांदळाची भाकरी, कुरकुरीत बोंबील आणि कोळंबीचं कालवण. मी चौथी भाकरी मागितली तेव्हा मावशीने मला नीट न्याहाळलं.

"वैजूचा तो भांडखोर तूच का रं?"

माझी कीर्ती खाडी ओलांडून आधीच पोचली होती.

आता गोल्फ. वैजूचे मामा जहाजावर होते, बंदराबंदरांत हा खेळ शिकून आले. लॉजमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी पत्र्याचे सहा डबे जमिनीत पुरलेत, तेच मैदान. काठ्या आणि चेंडू लॉजवरच मिळतात. मामा शनिवारी मालाडला गेले होते, त्यामुळे मी त्यांना पाहिलंच नव्हतं.

रविवारी सकाळी मी ताडाखाली उभा राहून वैजूकडे बघत होतो. ती पाहुण्यांना चहा देत होती. तेवढ्यात मागून आरोळी आली, "फोर!"

लॉर्ड्सवर कप जिंकल्यापासून आमच्या चाळीत फोर म्हटलं की हात आपोआप उठतात. मी वळलो आणि जोरात टाळ्या वाजवल्या. चेंडू थेट कपाळावर.

खाकी हाफपँटमधला एक आडदांड गृहस्थ काठी घेऊन धावत आला. "बहिरा आहेस का? फोर म्हणालो ना!"

माझी मूठ वळली. वैजू किटली हातात धरून जागीच थांबली. तिच्या चेहऱ्यावर ते पोस्टकार्ड मला स्पष्ट वाचता येत होतं.

"ऐकलं ना," मी म्हणालो. "म्हणून तर टाळ्या वाजवल्या."

गृहस्थ हसत हसत वाळूतच बसले. वैजू बर्फ घेऊन आली. "अरे येड्या, फोर म्हणजे चेंडू येतोय, डोकं खाली घाल. आणि हे माझे मामा."

मग मामांनीच मला शिकवलं. माझा पहिला फटका डब्यात नाही, विहिरीत गेला. दुसरा कुठे गेला ते अजून कळलेलं नाही. पण काय मजा आली, यार!

जेट्टीवर मी वैजूला निकाल विचारला.

"दोन दिवस जमले तुला," ती म्हणाली. "आता सरांकडे जा, माफी माग, फॉर्म भर. मग बोलू."

"चूक सरांची होती."

"असेल. वर्ष तुझं गेलं."

माझं डोकं तापलं. मागे वळून बघायचं नाही असं ठरवून होडीत बसलो. दोनदा बघितलं.

घरी आईने टेंगुळावर हळद लावली आणि कोणाशी भांडलास म्हणून विचारलं. कोणाशीच नाही, यावर तिचा विश्वास बसला नाही. मनोरीला जरूर जा. कोपऱ्यातली खोली घ्या, मावशीला वेळेत सांगा आणि ताडाखाली उभे राहू नका.

सोमवारी मी कॉलेजच्या जिन्यात उभा होतो. शिपायाने सरांच्या खोलीचं दार उघडलं. सरांनी चष्म्यावरून बघितलं, मला ओळखलं आणि त्यांचा आवाज चढायला लागला.

मी मनात म्हटलं, फोर. आणि मान खाली घातली.