अटकेपर्यंतचा नकाशा

"आमचं हे पहिल्यापासूनचं," असं कुणी म्हटलं की गुळवणी बाई चष्मा कपाळावर चढवायच्या. "पहिल्यापासून म्हणजे कोणत्या सालापासून? अन् त्याआधी तिथे कोण होतं?" इंदूरच्या सियागंज बाजारात फुटपाथ अडवून बसलेल्या दुकानदारालाही त्यांनी हेच हिंदीत ऐकवलं होतं. तो बिचारा पोती आत घ्यायला लागला.

बाई पिढ्यान्‌पिढ्या इंदूरच्या. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. मराठी मंडळाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहायच्या. मी नोकरीसाठी साताऱ्याहून आले आणि शेजारची खोली मला मिळाली. पहिल्याच आठवड्यात आमची जुंपली. मी म्हटलं, "तुमचं मराठी म्हणजे निम्मं हिंदीच आहे हो!" त्या म्हणाल्या, "ज्या गावात राहतो त्याचं काही लागणारच की!" आणि मला पिठलं वाढलं, वर चक्क मूठभर शेव घालून. माझा राग तिथेच उतरला.

त्या वर्षी गणपतीत मंडळाने थर्माकोलचा भलामोठा नकाशा केला. थेट अटकेपर्यंत सगळा भगवा, वर ठळक अक्षरं: 'आमचं होतं, आमचंच होणार'. आरतीनंतर सचिव जाधवांचं भाषण झालं. दूरदेशी चाललेल्या एका युद्धाचा दाखला देत ते गरजले, "हजार वर्षांपूर्वीची जमीन परत मागायला छाती लागते!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई उठून उभ्या राहिल्या.

"त्या देशात या हजार वर्षांत कोण कोण राहिलं? एक नाव सांगा."

बाईंनी नकाशाच्या वरच्या टोकाकडे बोट केलं.

"बरं, अटकेत आपल्याआधी कोण होतं? आपण तिथे टिकलो तरी किती?" मग त्या जाधवांकडे वळल्या. "दुसऱ्याचा इतिहास ठाऊक नाही, अन् जमिनीची रजिस्ट्री मागायला निघालात, जाधव भिया? आपण तर इंदुरात फौजेबरोबर आलो. उद्या इथल्या कुणी आपल्याहून जुना नकाशा काढला, तर आपण पेट्या उचलून जायचं कुठे?"

"पूर्वजांचा अपमान!" मागून कुणीतरी ओरडलं. खुर्च्या सरकल्या. मी बाईंना दंडाला धरून जिन्यापर्यंत आणलं.

रविवारी मंडळाची बैठक बसली. बाईंना सांगण्यात आलं: माफी मागा, नाहीतर खोली सोडा. जाधव म्हणाले, "मंडळ आमच्या आजोबांनी उभं केलं, बाई. तुम्ही भाडेकरू."

"माफी नाही मागणार," बाई म्हणाल्या. मी खवळून बोलायला उठले, पण माझं ऐकतंय कोण! तेवढ्यात मंडळातले सगळ्यांत वयस्क सभासद, आपटे आजोबा, काठी टेकत उभे राहिले.

"अरे, ही जमीनच बाईंच्या पणजोबांनी मंडळाला दिलेली. माहीत तरी आहे का कुणाला?"

जाधव लगबगीने येऊन बाईंच्या पाया पडले. "पहले बताते ना, बाई! मग तर जागा तुमचीच. कोण काढतंय तुम्हाला?"

मी हुश्श केलं. बाईंनी मात्र पाय मागे घेतले.

"मला ठाऊक होतं ते. मुद्दाम बोलले नाही. इतकी वर्षं मी इथे राहिले, खाली हॉलमध्ये तुमची पोरं शिकवली, ते कुणाला दिसलं नाही, जाधव. मेलेले पणजोबा मात्र लगेच दिसले!"

महिनाअखेरीस त्यांनी इंदूरबाहेर बेटमा गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मी भांडले, रडले, "हट्ट सोडा हो," म्हणून हात जोडले.

"पणजोबांच्या जोरावर राहिले असते, तर जाधवच खरे ठरले असते गं," त्या म्हणाल्या, आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या.