लाल बोरांचं नवं

माझी लेक नागपूरहून आली ती थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन. भंडाऱ्याजवळच्या शहापूर स्टॉपवर एसटीतून उतरली तेव्हा डब्यातून पाणी गळत होतं आणि तिची सलवार गुडघ्यापर्यंत ओली झाली होती. मला वाटलं, मासोळ्या आणल्या. घरी येऊन उघडून पाहते तर बर्फात रुतलेल्या प्लास्टिकच्या थैल्या, आणि थैल्यांत लाल, टणक फळं. ती ज्या बेकरीत केक करायची ती बंद पडली होती. मालकानं निघताना सगळ्यांना सांगितलं, फ्रीजरमध्ये जे आहे ते घेऊन जा. कोणी लोणी नेलं, कोणी चीज नेलं. आमच्या बाईसाहेबांनी हे आणलं.

"लोणी सोडून हे गोटे कायले आणले व?" मी म्हटलं.

"क्रॅनबेरी होय, माय. परदेशातलं फळ आहे. करवंदावानी आंबट."

"मंग करवंदं का कमी पडले होते इथं?"

ती हसली, पण पोटातून नाही. दोन-चार दिवसांनी टेम्पोतून तिचं ओव्हन आलं. साठवलेल्या पगारातून घेतलेलं. तेव्हा कळलं की पोरगी सुटीला आलेली नाही, राहायलाच आली आहे. इथंच केक करायचे, भंडाऱ्याला अन् जवाहरनगरच्या क्वार्टरांत पोचवायचे, असा तिचा बेत होता.

तिच्या बाबांनी त्या ओव्हनकडे पाहिलं आणि एक रिकामं पोतं आणून त्यावर टाकलं. "मी हिले गावाच्या बाहेर काढाले शिकवलं," मला म्हणाले, "अन् हे भट्टी घेऊन वापस आली. चिखलातच राहाचं होतं तं शिकवलं कायले?" तिच्याशी मात्र एक शब्द बोलले नाहीत. आमचा हा माणूस रागावला की ओरडत नाही, मुका होतो. ओरडणं माझ्या वाट्याला आलेलं आहे आणि ते मी चांगलं निभावते, गावात कोणालाही विचारा.

इथं आमच्या घरची एक रीत सांगावी लागेल. धान असो, आंबा असो, टेंभरं असो, हंगामातलं पहिलं किंवा घरात पहिल्यांदा आलेलं फळ कोणी असंच तोंडात टाकायचं नाही. आधी ते देवापुढं ठेवायचं, मग घरच्या कर्त्यानं खायचं, आणि मग त्यानंच आपल्या हातानं एकेकाच्या तळहातावर ठेवायचं. याला नवं करणं म्हणतात. जो घरात राहतो त्याला तळहातावर. जो बाहेरगावी राहतो त्याचा वाटा वाटीत काढून ठेवायचा. लेक शिकायला नागपूरला गेली तेव्हापासून तिचं नवं वाटीत. सुटीत घरी असली तरी वाटीतच, कारण परत जायचं असतं.

तर ही परदेशी फळं, मी त्यांना लाल बोरंच म्हणत होते, घरात पहिल्यांदाच आलेली. मी यांना म्हटलं, "नवं करून टाका, म्हणजे पोरगी काही करून दाखवन."

"मी नाही करत," हे म्हणाले. "हैदराबादवाले बोलावून राहिले न तिले? जा म्हणा."

ते खरं होतं. हैदराबादच्या एका मोठ्या बेकरीतून तिला फोन आला होता आणि आठवड्याच्या आत हो की नाही ते सांगायचं होतं. ओव्हन पोत्याखाली, बोरं फ्रीजरमध्ये, बाप मुका. पोरीनं आणखी कशाची वाट पाहायची? मला ती घरी हवी होती. यात आडपडदा कशाला? इतकी वर्षं तिच्या नावची वाटी मांडून मी कंटाळून गेले होते.

आमचा फ्रीज लहान. त्या थैल्यांपायी बर्फाचा ट्रेसुद्धा बाहेर काढावा लागला. म्हणून मी एक शहाणपण केलं. आमच्याकडे जे उरतं ते वाळत पडतं. कैरी, बोरं, मोहफुलं, भाज्या, सगळ्यांना ऊन दाखवायचं आणि डब्यात भरायचं. एक थैली उचलली, स्लॅबवर धोतराच्या फडक्यावर पसरली आणि कामाला लागले. दुपारी वर जाऊन पाहते तर बोरांचं पिठलं झालेलं! लाल पाणी स्लॅबवरून पन्हाळीपर्यंत वाहत गेलेलं आणि मुंग्यांची जत्रा भरलेली. शेजारीण खालून ओरडली, "काय कापलं व वरते?" लेक पोट धरून हसली. गोठवलेलं फळ वितळलं की त्याचं अंग सुटतं, ते वाळत नाही, असं तिनं मला समजावलं. मी म्हटलं, "आधी सांगाले तोंड नव्हतं का?" पण आल्यापासून ती पहिल्यांदा मोकळी हसली होती, म्हणून मी फार ताणलं नाही.

त्यानंतर आम्ही दोघी भाज्या निवडताना नुसते बेत करायचो. ती म्हणायची, केकात घालू, बिस्किटात घालू, साखरेत आटवून जॅम करू. मी म्हणायचे, आंबाडीच्या बोंडांसारखी चटणी वाटू, डाळीत चिंचेऐवजी टाकू. भांडायचो सुद्धा. ती म्हणे लसूण घालून सत्यानाश करशील, मी म्हणे साखर घालून तू काय दिवे लावशील! पण एकीनंही एक बोर चाखलं नाही. रीत ती रीत.

मग डीपी जळाली. धानाला शेवटचं पाणी द्यायला सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या आणि अर्ध्या गावाची लाईट गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज उघडला तर थैल्या हाताला मऊ लागल्या. हैदराबादला उत्तर द्यायचा दिवसही तोच. लेक फोन हातात घेऊन ओसरीत बसली होती. माझं डोकं फिरलं.

बोडीचं, म्हणजे शेताजवळच्या तळ्याचं, पाणी उतरलं होतं म्हणून दारावर मासोळ्या आल्या होत्या. मी रस्सा केला, आणि चिंचेचा गोळा बाजूला ठेवून ओंजळभर लाल बोरं ठेचून त्यात टाकली. वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरला, लाली झाकायला. हे दुपारी धानाच्या बांधीतून आले, हातपाय धुऊन जेवायला बसले. मी समोर बसून वारा घालत होते, डोळे यांच्या घासावर. यांनी पहिला घास घेतला, थांबले. मग दुसरा घेतला. मग भात मागितला, रस्सा मागितला. दातात अडकलेलं काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं.

"आंबट कायचं टाकलं?"

"चिंच," मी म्हटलं.

"चिंच," हे म्हणाले, आणि आचवून पुन्हा बांधीकडे गेले.

मी धावत लेकीकडे गेले. "झालं नवं! कर्त्यानं खाल्लं! काढ ते पोतं!"

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माय, बाबाले माहीतच नाही तं हे नवं कायचं? चोरून केलेलं मले नाही पाहिजे. असं राहण्यापेक्षा मी हैदराबादले जातो."

  तिचं खरं होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला. शेवटी मी म्हटलं, "बरं, खाऊ नको. पण अन्न सडू देशील का? रांधून तं ठेवू."

यावर ती उठली. सारी दुपार आम्ही दोघी रांधत होतो, आणि एकदाही चाखलं नाही. मीठ अंदाजानं, गूळ वासावर. मी पाट्यावर बोरं, लसूण आणि हिरव्या मिरच्या वाटल्या. लाखोरीची डाळ शिजवून तिला बोरांची फोडणी दिली. लेकीनं गुळात मुरांबा आटवला. तो पळीवरून कसा पडतो ते पाहून उतरवला. लाईट नव्हती, म्हणून कुकरात रेती तापवून त्यात तांदळाच्या पिठाचा केक ठेवला. घरभर असा वास सुटला की शेजारीण परत विचारायला आली. बोटाला लागलेला मुरांबा सुद्धा लेक पाण्याखाली धुवायची.  ज्या घरातून तिला जा म्हणत होते, त्या घरची रीत ती बोटावर पाळत होती.

दिवे लागायच्या वेळेला हे परतले. ओसरीत नेहमीसारखे टेकले नाहीत. आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले आणि देवापाशी उभे राहून म्हणाले, "ते लाल बोरं कुठी हायेत?"

मी पदराला हात पुसू लागले.

"चिंचेले कधी लाल साल असते का?" माझ्याकडे न पाहताच म्हणाले. "पहिल्याच घासाले समजलं मले. तुह्या पायी देवाच्या आधी खाऊन बसलो. आण आता."

समजलं होतं! आणि तरी दुसरा घास घेतला होता, भात मागून घेतला होता.

वाडग्यात थोडी बोरं तशीच राखलेली होती. मी ती आणली, रांधलेलं सगळं आणून मांडलं, समई लावली. हात सवयीनं फडताळाकडे गेला आणि लेकीची वाटी मी काढून ठेवली. यांनी देवापुढं वाडगं ठेवलं, नमस्कार केला, एक बोर तोंडात टाकलं. चेहरा असा वाकडा झाला की दुसरा दिवस असता तर मी हसले असते. "लय आंबट आहे," म्हणाले, पण थुंकले नाहीत. मग एक माझ्या तळहातावर ठेवलं.

लेक दाराशी उभी होती, फोन हातातच. तिचे बाबा वाडगं घेऊन वळले. वाटीकडे पाहिलं. ती त्यांनी मागं सरकवली, पार भिंतीपर्यंत.

"इकडं ये," तिला म्हणाले. "हात कर पुढं."