चौकटीसकट दार

तिसगावच्या एसटीत एकदा एक चहावाला चौकटीसकट दार घेऊन चढला. ते मधल्या वाटेत धरून उभा राहिला. कुणाला उतरायचं असलं, की कडी काढून वाट द्यायचा आणि लगेच पुन्हा कडी लावायचा.

मी विचारलं, "हे कशाला?"

"रातच्या धंद्याला पंचायतीचा परवाना पायजे. न्हाईतर टपरी उठवत्यात. अन् दार असल्याबिगर परवाना न्हाई."

"टपरी कुठंय?"

"लिंबाखाली."

"मग भिंती?"

"भिंतीचं ते कायी बोलले न्हाईत."

तिसगावला उतरून पंचायतीसमोर त्यानं दार उभं केलं आणि अदबीनं त्यामागं थांबला. ग्रामसेवक बाहेर आले. त्यांनी कडी वाजवली. आतून "या साहेब" ऐकू आल्यावरच ते पुढं झाले. परवाना मिळाला असणार.