सात खाचा

सत्तरच्या दशकात, धरणाच्या पाण्याखाली जाणारं एक जुनं लाकडी घर उकलून आम्ही नागपूरजवळच्या माळावर आणलं. तिथं लोकांना पाहण्यासाठी जुन्या घरांचं एक संग्रहालय, एक गावच वसत होतं. मी त्याच्या कचेरीतला कारकून. सक्करदऱ्याहून सायकलनं यायचो. प्रत्येक खांबावर, तुळईवर गेरूनं नंबर टाकायचं काम माझं. पहिल्याच पावसात सगळे नंबर धुऊन गेले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

खाप्याकडचा एक म्हातारा सुतार कामावर होता. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत; नाव मीही कधी विचारलं नाही. तो ढिगापाशी उकिडवा बसला आणि डोळे मिटून एका तुळईचं टोक चाचपू लागला.

"काहून घाबरून राहिले, बाबूजी? ज्यानं घर बांधलं त्यानं नंबर टाकूनच ठेवले. सांध्याच्या आत."

खरंच, आत पटाशीच्या बारीक खाचा होत्या. तुळईत तीन, तर तिच्या खांबातही तीन. महिन्याभरात घर उभं राहिलं, एकही लाकूड चुकलं नाही.

एक तुळई मात्र कुजली होती. ती त्यानं नवी घडवली आणि बसवण्याआधी जुनीवर होत्या तेवढ्याच सात खाचा तिच्या टोकावर पाडल्या.

"आता कशाला, मिस्त्री? जागा तर ठाऊक आहे."

"मले ठाऊक हाय. पुढं कोणी खोललं तं त्याले समजलं पाहिजे ना!"

दारावरच्या पाटीवर आमच्या साहेबांची नावं आहेत. पाहुण्यांना मी त्या तुळईखाली उभं करतो आणि सांगतो, आत सात खाचा आहेत. दिसत नाहीत, पण मी पाहिल्यात.